‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे नव्हे

शैलाताई, काल तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली आणि तिथे तुझ्याबद्दल धडधडीत खोटं बोललं गेलं.

निंदा कुणीच केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. खोटं होतं ते स्तुतीच्या रूपात. हार घातलेल्या तुझ्या फोटोशेजारी तुमचा तो अकॅडेमिक कोऑर्डिनेटर माईक धरून उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, “शैला मॅडम पुट अप विथ एव्हरीथिंग, ऑल्वेज विथ अ स्माइल.” म्हणजे सगळं सगळं तू हसतमुखाने सहन केलंस. आणि हे म्हणाला कोण, तर तोच. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. आपल्या परभणीच्या आत्यांनी तर डोळ्याला पदर लावला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “हौ, फार सोशिक होती माय.”

मला रडू येण्याऐवजी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, हे सगळं भाऊजींनी पेपरात दिलं आहे. तुझ्या नवऱ्याने सवयीप्रमाणे त्यातही ‘सोशिक’ हा शब्द घातला होता. मी तो काढायला लावला. “का?” म्हणाले. मी म्हटलं, “कारण ती तशी नव्हती.” त्यांनी शब्द काढला.

मी लग्न होऊन पुण्याहून काचीगुड्याला आले तेव्हा तू थोरली जाऊ म्हणून मला तुझी भीती वाटायची. आपण एकाच इमारतीत राहायचो, तू पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी तुला ‘अहो शैलाताई, तुम्ही’ करत राहायचे. एक दिवस तू वैतागून म्हणालीस, “इंग्रजांनी तू आणि तुम्ही दोन्हींना एकच यू ठेवलाय. दुसरं काही घेऊ नको त्यांच्याकडून, एवढं घे.” त्या दिवसापासून तू ‘तू’ झालीस.

माझ्या नव्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, “मॅडम, व्हेअर आर यू पुटिंग अप?” तो मला राहायला कुठे म्हणून विचारत होता. मी घरी येऊन हा किस्सा सांगितला आणि खूप हसले. पुण्यात असं कुणी बोललं असतं तर त्याची वर्षभर नक्कल झाली असती. तू हसली नाहीस. म्हणालीस, “त्यात काय चुकलं? पुट अप म्हणजे मुक्कामाला उतरणं, हा जुनाच अर्थ आहे. त्यांच्याकडे तो चार दिवसांच्या पाहुण्याला वापरतात. आपल्या गावात सगळेच बाहेरून आलेले, म्हणून आपण तो कायमच्या बिऱ्हाडालाही वापरतो. शब्दसुद्धा आपल्याकडे येऊन राहतात गं, मग थोडे इथले होतात.” पुण्याहून येताना ट्रंकेत घालून आणलेला माझा अर्धा तोरा त्या दिवशी उतरला.

तू स्वतः मराठी शाळेत शिकलेली, इथेच. इंग्रजी पाचवीत सुरू झालं, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे ते तुला ‘परक्याच्या घरात चोरपावलांनी शिरावं तसं’ शिकावं लागलं. म्हणूनच त्या घराचा कोनाकोपरा तुला ठाऊक होता. रविवारी कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात तू मला ओढून न्यायचीस. मी साड्या बघायला म्हणून यायचे आणि तू व्याकरणाच्या जीर्ण पुस्तकांपुढे मांडी घालून बसायचीस. दुकानदार म्हणायचा, “अम्मा, ये कोई नई लेता, तुमीच ले जाओ.” साध्या क्रियापदाला अप, ऑफ, आउट असं शेपूट लागलं की अर्थ कसा पालटतो, याचं तुला वेड होतं. वर्गातल्या पोरांनाही तू ते लावलंस. दहावीची पोरं मलकपेठच्या रस्त्यात तुला अडवून विचारायची, “मॅडम, गिव्ह इनमधला इन कुठे जातो?” आणि तू रहदारीत उभी राहून उत्तर द्यायचीस.

मग शाळा नव्या लोकांनी विकत घेतली आणि तो कोऑर्डिनेटर आला.

काय झालं ते मला तूच सांगितलंस. संध्याकाळी अंबाडी निवडत बसलो होतो आपण. माझी मुलगी इराही होती, मोबाईलमध्ये डोकं घालून. तू आजची भाजी महाग मिळाली म्हणावं अशा आवाजात सांगू लागलीस. दहावीच्या वर्गात तू नेमका ‘पुट अप’ शिकवत होतीस. मागच्या बाकावर तो तपासणीला बसला होता. उदाहरण म्हणून तू तेच दिलंस, व्हेअर आर यू पुटिंग अप. तो उठला. “मॅडम, कोणीही असं बोलत नाही. हे इंग्लिश नाही, आणि तुमचा ॲक्सेंट तर पूर्ण व्हर्नाक्युलर आहे. पालक या ॲक्सेंटसाठी फी भरत नाहीत.” मग तो पुढे आला, फळ्याजवळ उभा राहिला, आणि तुला म्हणाला, “रिपीट आफ्टर मी. व्हेअर डू यू लिव्ह.”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग काय. म्हटलं.”

“एकदा?”

“त्याला बरं वाटेपर्यंत.”

हातातली अंबाडीची जुडी मी खाली आपटली. तुझ्या वयाच्या, इतकी वर्षं शिकवलेल्या बाईला, तिच्याच वर्गात, तिच्याच मुलांसमोर! “पोरं हसली का?” असं मी विचारलं तेव्हा तू पहिल्यांदा मान वर केलीस. म्हणालीस, “नाही. सगळी बाकाकडे बघत होती. त्यांनाच लाज वाटली. तेच वाईट झालं.”

पुढच्या आठवड्यात दहावीचा वर्ग तुझ्याकडून काढून घेतला आणि तुला तिसरीला हस्ताक्षर गिरवायला दिलं. घरात भाऊजी म्हणाले, “जाऊ दे ना. रिटायरमेंटला राहिलंय किती? थोडं सहन कर.” माझ्या नवऱ्यानेही तेच म्हटलं. एकटी इरा चिडली. ती इथेच वाढलेली, मराठी वाचताना अडखळते, पण तुझ्यावर तिचा फार जीव. ती म्हणाली, “काकू, व्हाय डू यू पुट अप विथ दिस?”

आणि तू त्या परिस्थितीतही मास्तरीण झालीस! “पुट अप विथ म्हणजे काय, सांग.”

“सहन करणं.”

“ते भाषांतर झालं. अर्थ सांग.”

इराने खांदे उडवले. तू ताट बाजूला सारलंस आणि सुरू झालीस. “पुट अप म्हणजे पूर्वी उचलून ठेवून देणं. पिशवीत, खिशात. तलवार म्यानात घालायची तरी पुट अप. कुणी अपमान केला आणि तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, तर लोक म्हणायचे, त्याने अपमान पुट अप केला. म्हणजे खिशात घातला. तेव्हा त्याला विथ नव्हतंच. ते खूप नंतर येऊन चिकटलं. आणि मग खिसा विसरला गेला आणि नुसतं सहन करणं राहिलं. आपण मराठीत अपराध पोटात घालतो. ते लोक खिशात घालायचे.”

इरा म्हणाली, “मग खिशातून बाहेर काढता येतं ना?”

“हौ,” तू म्हणालीस. “पोटातलं नाही काढता येत.”

ती खूष झाली. माझं मात्र डोकं फिरलं. मी तुला काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, “ताई, शब्द पूर्वी काय होता याच्याशी आज कुणाला कर्तव्य आहे? आज त्याचा अर्थ सहन करणं असाच आहे, आणि तू सहनच करते आहेस. तू डिक्शनरीत लपून बसली आहेस.” तू म्हणालीस, “लपलेय असं तुला वाटतं?” मी म्हटलं, “हो, वाटतं.” तू ताट उचललंस आणि आत गेलीस.

त्यानंतर हा वाद आपण कितीदा घातला! भाजी चिरताना, गच्चीवर कपडे काढताना, कुणाच्या बारशाला जाताना रिक्षात. मी म्हणायचे, त्या दिवशी, त्या क्षणी बोलायला हवं होतंस. तू म्हणायचीस, “समोर पोरं होती. मी भांडले असते तर ते भांडण त्यांच्या अंगावर पडलं असतं. परीक्षेचं वर्ष त्यांचं. त्याने उद्या राग कुणावर काढला असता?” मी म्हणायचे, मग पोरांना काय शिकवलंस, मान खाली घालायला? यावर तू चिडायचीस. एकदा तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी इराच्या हाती ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा वर पाठवलास, आणि निरोप दिलास, “सांग तुझ्या आईला, माझं तिला अजून पटलेलं नाही हे मला माहीत आहे. जेवायला सांग.”

मला अजूनही पटलेलं नाही, ताई. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही. तसं केलेलं तुलाही आवडलं नसतं.

पण नंतर जे झालं ते त्या माणसाला कालच्या सभेत आठवायला नको होतं का? दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉलमध्ये सगळ्या स्टाफची मीटिंग होती. नसीम, तुमची विज्ञानाची नवी टीचर. उर्दू शाळेत शिकून वर आलेली, बोलते भराभर, आणि घाबरली की अडखळते. तिने काहीतरी वाचून दाखवलं. त्याने तिला थांबवलं. तेच शब्द. “रिपीट आफ्टर मी.” ती पोरगी उभी राहिली, घसा खाकरला, आणि म्हणणार एवढ्यात मागून तुझा आवाज आला.

“नसीम, बैठ जा. नक्को बोल.”

हे मला नसीमने सांगितलं, तू नाही. तू घरी येऊन फक्त म्हणालीस, “आज थोडं बोलले मी.” नसीम सांगत होती की तू जागेवरून उठलीस आणि तुझ्या त्या ‘व्हर्नाक्युलर’ इंग्रजीत, एकही शब्द न अडखळता त्याला म्हणालीस, “जूनमध्ये तुम्ही हेच माझ्याकडून मुलांसमोर म्हणवून घेतलंत. ते मी तेव्हा ठेवून दिलं होतं. आज बाहेर काढते आहे. या पोरीची माफी इथे मागा. माझी माफी त्या वर्गात येऊन मागा, ज्या वर्गात तुम्ही मला बोलायला लावलंत.”

मग दोन-चार बायका तुझ्याशेजारी उभ्या राहिल्या, मग आणखी काही. त्याने नसीमला सॉरी म्हटलं, ओठातल्या ओठात, पण म्हटलं. तुला म्हटलं नाही. तुला आली ती नोटीस, शिस्तभंगाची. मॅनेजमेंटपुढे येऊन खुलासा करा.

तू नोटीस मला दाखवलीस तेव्हा मी घाबरले होते आणि तू अजिबात घाबरली नव्हतीस. तुझ्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत नव्हता असा तजेला होता. “माझ्यासोबत चल,” म्हणालीस. “तू रागीट आहेस, मला उपयोग होईल.” मी ऑफिसात रजा टाकली. भाऊजींनी पुन्हा तेच सुरू केलं, कशाला वाढवतेस, पेन्शनचं बघ, माफी मागून मोकळी हो. तू त्यांना म्हणालीस, “माफी तर मागायची राहिलीच आहे. पण मी नाही मागायची.” ते उठून बाल्कनीत गेले.

सुनावणी झालीच नाही. तिच्या आदल्या आठवड्यात सकाळी तू डबा भरता भरता ओट्याशी कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत तू आमच्यातून गेली होतीस. लोक म्हणतात, टेन्शन घेतलं म्हणून गेली. हाही मला संताप आणणारा प्रकार. जणू तू बोललीस म्हणून मेलीस! तुझं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं वाढलेलं होतं आणि गोळ्या तू विसरायचीस, एवढी साधी गोष्ट आहे. त्यातून धडा काढू नका, असं मी दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे. शहाणे लोक मान हलवतात आणि जिना उतरताना पुन्हा तेच बोलतात.

तर काल त्या माणसाने ते वाक्य म्हटलं. हसत हसत सगळं सहन केलं! ज्याच्यासमोर तू उभी राहिलीस, त्याने तुला मेल्यावर खाली बसवलं. जिवंतपणी तुला त्याने नुसतं बोलायला लावलं होतं, आता तर तुझ्या वतीने तोच बोलत होता. मी उठायला गेले, पण माझ्याआधी मागच्या रांगेतून नसीम उठली. तिने दोन्ही हातांनी दुपट्टा घट्ट धरला होता.

“सर, माफ करना,” ती म्हणाली, “ये बात सच नई है. मॅडम बर्दाश्त नई करे. मॅडम खड़े हुए थे. इसीच हॉल में. मेरे वास्ते.”

तो म्हणाला, “धिस इज नॉट द ऑकेजन.” तेव्हा मी उभी राहिले. मी म्हटलं, “प्रसंग हाच आहे. मी शैलाताईंची जाऊ. ज्या वर्गात तुम्ही त्यांना पोपटासारखं बोलायला लावलंत, ती मुलं मागे बसली आहेत. शैलाताईंनी तुम्हाला माफी मागायला सांगितलं होतं, ती राहिली आहे. आता फोटोकडे बघून मागा.”

नाही मागितली. मला वाटलं होतं, एवढ्या लोकांत, मेलेल्या माणसासमोर तरी त्याची जीभ वळेल. तो माईक सोडून खाली बसला आणि पाण्याचा ग्लास शोधू लागला. सेक्रेटरी लगबगीने पुढे झाले आणि म्हणाले, “आता आपण दोन मिनिटं मौन पाळू.” लोकांना गप्प बसवायची इतकी सभ्य युक्ती मी कधी पाहिली नव्हती. आम्ही सगळे उभे राहिलो. दहावीची मुलंही राहिली. पण ती या वेळी खाली बघत नव्हती, ताई. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. आपल्या वादात तुझी बाजू थोडी जड झाली असेल तर तेवढ्यापुरतीच, असं मी मान्य करते.

मौन संपल्यावर सेक्रेटरींनी कुटुंबाला पुढे बोलावलं. भाऊजी गेले, मी आणि इरा त्यांच्या मागे. भाऊजींना तू ओळखतेस. आयुष्यात त्यांनी कधी भाजीवाल्याशीही घासाघीस केली नाही. सेक्रेटरींनी त्यांच्या हातात काचेचं एक मोठं स्मृतिचिन्ह दिलं, त्यावर तुझं नाव आणि खाली इंग्रजीत दोन ओळी कोरलेल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. भाऊजी चष्मा घरी विसरले होते. त्यांनी ते इरापुढे धरलं आणि विचारलं, “काय लिहिलंय गं?”

इराने वाचलं, “इन मेमरी ऑफ हर पेशन्स अँड सायलेंट सर्व्हिस.”

“सायलेंट म्हणजे?”

“गप्प राहून, काका,” इरा म्हणाली. “गप्प राहून केलेली सेवा.”

मला वाटलं, भाऊजी रडणार. मग त्यांनी ते स्मृतिचिन्ह दोन्ही हातांनी, अगदी जपून, सेक्रेटरींच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवलं.

“ये आपके पासच रहने दो साब,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “ये हमारी शैला का नई है.”

आणि ते पायऱ्या उतरून चालू लागले.

बाहेर ऊन होतं. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही फाटकापाशी उभे होतो. नसीम धावत आली आणि भाऊजींच्या शेजारी नुसती उभी राहिली.

इतक्या वर्षांत भाऊजी तुझ्या बाजूने एकदा तरी चारचौघांत बोलावेत म्हणून मी किती वाट पाहिली, आणि तूही पाहिली असशील, बोलली नाहीस इतकंच. काल ते बोलले. आणि तू तिथे नव्हतीस. आता या गोष्टीचा राग मी कुणावर काढू, ते सांग.